एचएफ-२४ मारुत: विमान आपलं, इंजिन दुसऱ्याचं

१७ जून १९६१ रोजी बंगळुरूच्या धावपट्टीवरून विंग कमांडर सुरंजन दास यांनी एचएफ-२४ उडवलं. भारतात आखलेलं आणि भारतातच बांधलेलं हे पहिलं जेट लढाऊ विमान, पुढे ज्याला 'मारुत' म्हटलं गेलं. हवाई दलाने मागितलं होतं आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं विमान. हाती आलेलं विमान सरळ पातळीत आवाजाच्या वेगाशी जेमतेम बरोबरी करायचं. दोन आसनी प्रशिक्षण विमानं धरून एकूण १४७ बांधली गेली, १९७१च्या युद्धात ती लढली आणि ऐंशीच्या दशकात टप्प्याटप्प्याने निवृत्त झाली. आपण मुळापासून आखलेलं पुढचं लढाऊ विमान, म्हणजे तेजस, उडालं ते ४ जानेवारी २००१ला. मधे जवळपास ४० वर्षं गेली.

हे असं का झालं, याचं उत्तर विमानांची आवड असलेल्या प्रत्येकाला पाठ असतं: ब्रिटिशांनी इंजिन दिलं नाही. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. शिवाय ते आपल्याला फार सोयीचं पडतं, कारण त्यात सगळा दोष समुद्रापलीकडे जातो. मारुतच्या प्रकरणातले निर्णायक फाटे इथेच, बंगळुरूत आणि दिल्लीत फुटले. या लेखात ते एकेक करून बघायचे आहेत.

कारखाना कसा घडला होता

हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेड (एचएएल) ही कंपनी २३ डिसेंबर १९४०ला बंगळुरूत स्थापन झाली. स्थापना करणारे सोलापूरचे वालचंद हिराचंद. दुसरं महायुद्ध सुरू होतं, ब्रिटिश सरकारला पूर्वेकडे विमानांची सोय हवी होती आणि म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं. वालचंद त्याच काळात जहाजबांधणी आणि मोटारींच्या कारखान्यामागेही लागले होते. १९४२मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात पोहोचल्यावर सरकारने विमानाचा कारखाना ताब्यात घेतला आणि युद्ध संपेपर्यंत तिथे मुख्यतः मित्रराष्ट्रांच्या विमानांची दुरुस्ती चालली.

ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे. या कारखान्याची पहिली सवय दुरुस्तीची आणि जुळणीची. पत्रा कापणं, रिव्हेट मारणं, इंजिन उघडून परत बसवणं, यात इथले कामगार पटाईत झाले. आखणीचा विभाग मात्र लहान होता. त्याला आकार दिला डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस. घाटगे यांच्या गटाने एचटी-२ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान आखलं आणि १९५१मध्ये ते उडालं. पंखा असलेलं, साधं, भरवशाचं विमान. तिथून थेट आवाजाच्या दुप्पट वेगाचं जेट, ही उडी किती मोठी होती ते पुढच्या सगळ्या घडामोडी वाचताना लक्षात ठेवायला हवं.

दुसरी गोष्ट १९५६ची. ब्रिटनच्या फॉलंड कंपनीचं नॅट हे छोटं लढाऊ विमान परवान्यावर भारतात बांधायचं ठरलं. त्याचं इंजिन होतं ब्रिस्टॉल कंपनीचं ऑर्फियस. त्यामुळे बंगळुरूत इंजिनाचा वेगळा कारखाना उभा राहिला आणि ऑर्फियस तिथेच बनू लागलं. मारुतच्या गोष्टीत हे नाव सारखं येणार आहे.

मागणी आणि तिला दिलेलं उत्तर

हवाई दलाची मागणी मोठी होती. उंचावर शत्रूची विमानं अडवायची, खाली उतरून जमिनीवर मारा करायचा, वेग माक २ (म्हणजे आवाजाच्या दुप्पट), उंची ६०,००० फूट, पल्ला तळापासून ५०० मैल. शिवाय त्याच सांगाड्यातून प्रशिक्षण विमान निघावं, सर्व हवामानात चालणारी आवृत्ती निघावी आणि नौदलाच्या जहाजावरूनही ते वापरता यावं. एकाच विमानाकडून इतकं मागणं म्हणजे हाव झाली. पण त्या वेळी परदेशी हवाई दलंही अशीच स्वप्नं बघत होती, म्हणून एकट्या आपल्या लोकांना बोल लावणं बरं नाही.

आखणीसाठी १९५६च्या ऑगस्टमध्ये कुर्ट टांक बंगळुरूत आले. दुसऱ्या महायुद्धातलं फोके-वुल्फ १९० हे गाजलेलं जर्मन विमान यांचं. युद्धानंतर ते अर्जेंटिनात जेट विमानावर काम करत होते. १९५५मध्ये तिथे राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांची सत्ता गेली आणि टांक यांचं कामही गेलं. नेहरू सरकारने त्यांना बोलावलं. त्यांच्यासोबत काही जर्मन अभियंते आले आणि घाटगे यांच्या विभागातली तरुण मंडळी त्यांच्या बरोबरीने कामाला लागली.

टांक यांनी इंजिन म्हणून ऑर्फियसचीच एक प्रगत आवृत्ती गृहीत धरली: बीओआर-१२, आफ्टरबर्नरसह, म्हणजे मागच्या तापलेल्या वायूत पुन्हा इंधन पेटवून जोर वाढवणाऱ्या जोडणीसह. तिचा रेटा सुमारे ३,७०० किलो, आणि अशी दोन इंजिनं शेजारी शेजारी. ही निवड अजिबात अविचारी नव्हती. ऑर्फियसचा कारखाना बंगळुरूतच होणार होता, त्याच कुळातलं इंजिन पुढे इथेच बांधता आलं असतं, सुटे भाग आणि कुशल हात सगळं एका छताखाली. अडचण एकच. बीओआर-१२ तेव्हा कागदावर होतं.

इंजिन नसताना टांक यांनी सांगाडा कसा तपासला, तो प्रकार मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी विमानाचं पूर्ण आकाराचं लाकडी ग्लायडर बांधलं. पंखांचा मागे वळलेला कोन, कमरेत आवळलेलं धड, आत ओढता येणारी चाकं, हवेत वेग मोडणाऱ्या झडपा, सगळं खऱ्या विमानासारखं. फक्त इंजिन नाही. १९५९मध्ये डकोटा विमानाला दोराने बांधून ते वर नेलं जायचं, उंचीवर सोडलं जायचं आणि वैमानिक ते तोलत खाली आणायचा. एवढ्या वेगासाठी आखलेलं धड इंजिनाशिवाय उतरवायचं म्हणजे चुकीला जागाच नाही. या उड्डाणांतून कमी वेगात विमान कसं वागतं, सुकाणू जड पडतात की हलके, उतरताना नाक कुठे जातं, हे सगळं धातूचा पहिला नमुना उडण्याआधी कळलं. त्यामुळे १९६१चं पहिलं उड्डाण झालं तेव्हा दास यांच्यासाठी ते विमान अनोळखी नव्हतं.

धड कमरेत आवळण्यामागेही कारण होतं. आवाजाच्या वेगाजवळ हवेचा अडथळा एकदम वाढतो. पंख आणि धड मिळून विमानाचा आडवा छेद जिथे अचानक फुगतो तिथे हा अडथळा जास्त होतो. म्हणून पंख सुरू होतात तिथे धड बारीक करायचं. १९५०च्या दशकात हे ज्ञान नवीन होतं आणि ते मारुतमध्ये आहे. आकाराच्या बाबतीत हे विमान त्याच्या काळाच्या मागे नव्हतंच.

इंजिन गेलं

बीओआर-१२ ब्रिटनच्या हवाई दलाला नको होतं आणि नाटोच्या देशांनाही त्याची गरज उरली नाही. एकटं गिऱ्हाईक राहिलं भारत. कंपनीने सांगितलं, विकासाचा उरलेला खर्च तुम्ही उचला, आम्ही इंजिन पूर्ण करतो. भारत सरकारने नकार दिला.

याला दगा म्हणायला मी तयार नाही. एकच गिऱ्हाईक उरल्यावर कोणतीही कंपनी हेच म्हणेल. प्रश्न आपल्या नकाराचा आहे. परकीय चलनाची तेव्हा खरोखर ओढाताण होती. १९५७-५८पासूनच गंगाजळी आटत चालली होती आणि प्रत्येक पौंडाचा हिशोब द्यावा लागत होता. ते मान्य करूनही असं दिसतं, की खर्चाची तुलना चुकीच्या रकमेशी झाली. एका इंजिनाच्या विकासाचा खर्च डोळ्यांसमोर होता. ते इंजिन नसल्यामुळे सगळा विमान प्रकल्प किती उणा पडेल, त्याच्या मागून येणाऱ्या आवृत्त्यांचं काय होईल, हा आकडा कुणी मांडल्याचं दिसत नाही. नकार देणं समजू शकतं. नकार देताना हातात दुसरं इंजिन नव्हतं, हे समजत नाही.

त्यानंतर सुरू झाली शोधाशोध. सोव्हिएत आरडी-९ इंजिन तपासलं गेलं, जमलं नाही. विशिष्ट स्थितीत कॉम्प्रेसरमधला, म्हणजे आत आलेली हवा दाबणाऱ्या भागातला, प्रवाह फिसकटायचा. मग नजर गेली इजिप्तकडे. तिथे विली मेसरश्मिट यांच्या आखणीतून एचए-३०० हे हलकं लढाऊ विमान घडत होतं आणि त्याच्यासाठी ऑस्ट्रियन अभियंता फर्डिनांड ब्रांडनर हेलवानला ई-३०० हे इंजिन बनवत होते. इजिप्तला इंजिन होतं पण विमान अर्धवट, भारताला विमान होतं पण योग्य इंजिन नव्हतं. एचए-३००चं पहिलं उड्डाण ७ मार्च १९६४ला झालं आणि ते केलं भारतीय हवाई दलाच्या कपिल भार्गव यांनी. मारुतचा एक नमुना इजिप्तला नेण्यात आला आणि मार्च १९६७मध्ये एका बाजूला ई-३०० आणि दुसऱ्या बाजूला ऑर्फियस अशा जोडीने तो उडाला. तीनच महिन्यांनी जूनमध्ये अरब-इस्रायल युद्ध झालं. इजिप्तकडे पैसा राहिला नाही, १९६९मध्ये तिथलं काम थांबलं आणि आपला नमुना परत आला.

बाहेरच्यांना प्रश्न पडतो की एवढी इंजिनं जगात असताना एकही बसेना कसं. लढाऊ विमानाच्या पोटातली इंजिनाची जागा कपाटातल्या खणासारखी नसते. इंजिन दर सेकंदाला किती हवा गिळतं त्यावर पुढच्या दोन्ही तोंडांची रुंदी ठरते. त्याचं वजन कुठे पडतं त्यावर विमानाचा तोल ठरतो, आणि तोल सरकला की पंखांची जागा चुकीची ठरते. त्याची लांबी आणि व्यास यांवर मागच्या धडाच्या चौकटी आखलेल्या असतात. त्याला लागणाऱ्या इंधनावर टाक्यांचा आकार आणि म्हणून पल्ला. टांक यांनी हे सगळं एका विशिष्ट इंजिनाभोवती बेतलं होतं. दुसरं जाड किंवा जड इंजिन आणलं की मागचं अर्धं विमान नव्याने आखावं लागणार.

शेवटी जे हाताशी होतं तेच बसवलं. ऑर्फियस ७०३, आफ्टरबर्नरशिवाय, रेटा प्रत्येकी २,२०० किलो. म्हणजे गृहीत धरलेल्या ताकदीच्या सुमारे साठ टक्के. १९६४मध्ये पहिली दोन विमानं हवाई दलाकडे गेली आणि १९६७मध्ये १० क्रमांकाची स्क्वाड्रन मारुतवर सज्ज झाली. त्याच वर्षी टांक भारत सोडून गेले.

याच ऑर्फियसला आफ्टरबर्नर लावून पाहण्याचाही प्रयत्न झाला. बंगळुरूच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेने, म्हणजे जीटीआरईने, ते काम केलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूत पुन्हा इंधन फवारून पेटवायचं, की रेटा वाढतो. इथे तो सुमारे अठरा टक्क्यांनी वाढला. पण त्यासाठी मागची नळी मोठी झाली, शेपटाकडचा आकार बोजड झाला, तिथे हवेचा अडथळा वाढला आणि मिळालेल्या रेट्याचा बराचसा भाग त्यातच खर्ची पडला. १० जानेवारी १९७०ला असं इंजिन लावलेला मारुतचा नमुना उड्डाणानंतर लगेच कोसळला आणि ग्रुप कॅप्टन सुरंजन दास मृत्युमुखी पडले. ग्लायडरपासून मारुतच्या प्रत्येक टप्प्यावर असलेला हा वैमानिक गेला आणि त्याच्याबरोबर या विमानाबद्दलचं केवढं तरी न लिहिलेलं ज्ञान गेलं. बंगळुरूत एचएएलकडे जाणाऱ्या रस्त्याला आज त्यांचं नाव आहे.

मिग आणि मारुत

मारुतच्या कमी ताकदीची झळ एका वेगळ्या निर्णयाने अधिक लागली. १९६२मध्ये सोव्हिएत मिग-२१ घ्यायचं आणि ते भारतातच बांधायचं ठरलं. त्यासाठी वेगळी कंपनी निघाली, ओझरला सांगाड्याचा आणि कोरापुटला इंजिनाचा कारखाना उभा राहिला, आणि १ ऑक्टोबर १९६४ला जुनी हिंदुस्तान एअरक्राफ्ट आणि ही नवी कंपनी एकत्र होऊन आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड झाली. चीनशी तणावाच्या त्या दिवसांत मिगचा निर्णय बरोबर होता, यात मला शंका नाही. पण त्याचा परिणाम असा, की माक २ची गरज भागली. मारुतला नवं इंजिन मिळावं म्हणून आग्रह धरणारं कुणी उरलं नाही. ते जमिनीवरच्या माऱ्याचं विमान म्हणून ठीक आहे, असं सगळ्यांनी मनातून मान्य करून टाकलं.

आणि त्या कामात ते ठीकच नव्हे, उत्तम निघालं. १९७१च्या डिसेंबरात मारुतच्या दोन स्क्वाड्रन राजस्थान आणि सिंधच्या आघाडीवर होत्या. वाळवंटात खालून उडत नया छोर भागातली ठाणी, वाहनांचे ताफे आणि रेल्वे यांच्यावर त्यांनी मारा केला. हवेतल्या लढतीत एकही मारुत पडलं नाही. उड्डाणात जी गमावली ती जमिनीवरून झालेल्या गोळीबारात. टांक यांची आखणी इथे कामाला आली. दोन इंजिनं असल्याने एक निकामी होऊनही विमानं परत आली, त्यातलं एक तर शत्रूच्या हद्दीत दीडशे मैल आतून. एका वैमानिकाने ताफ्यावर मारा केला, स्फोटात उडालेले तुकडे त्याच्याच शेपटाला लागले, एक इंजिन बंद पडलं आणि तो दुसऱ्यावर तळाकडे वळला. हायड्रॉलिक गेलं तर सुकाणू आपोआप हाताच्या जोरावर चालणाऱ्या यंत्रणेवर यायचं. ज्याने हे विमान बांधलं त्याला लढाईत काय काय फुटतं याची पक्की जाण होती.

म्हणूनच मारुतला 'फसलेलं विमान' म्हटलं की मला राग येतो. विमान फसलं नाही. १९७१नंतर त्याच्या मागे कोणी राहिलं नाही, ही फसगत मोठी.

सुटलेला धागा

सत्तरच्या दशकात एचएएलच्या आखणीकारांनी मारुतच्या अनुभवावर पुढची विमानं मांडली. त्यातलं एचएफ-७३ रोल्स-रॉइसच्या आरबी-१९९ इंजिनावर बेतलेलं होतं. म्हणजे पुन्हा दुसऱ्याचं इंजिन, तेही दुसऱ्या देशांच्या टोर्नेडो विमानासाठी घडत असलेलं. ते मिळालं नाही. १९७८मध्ये हवाई दलासाठी जग्वार निवडलं गेलं आणि एचएएल पुन्हा परवान्यावर विमानं बांधू लागली. मारुतवर शिकलेले अभियंते निवृत्त झाले, दुसरीकडे गेले किंवा परदेशी विमानांच्या सुधारणांत गुंतले. तेजसचा प्रकल्प १९८३मध्ये मंजूर झाला तेव्हा वायुगतिशास्त्रापासून उड्डाण चाचण्यांपर्यंत बरंच काही नव्याने जमवावं लागलं. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महागात पडलेली गोष्ट हीच वाटते. इंजिन विकत घेता येतं, कधी ना कधी. वीस वर्षं एकत्र काम केलेला आखणीचा गट विकत मिळत नाही.

इंजिनाच्या बाजूचीही अशीच गत झाली, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. एचएएलच्या इंजिन विभागाने साठच्या दशकात स्वतःचं जेट इंजिन आखलं होतं, एचजेई-२५००, रेटा २,५०० पौंड. घाटगे यांच्या किरण या प्रशिक्षण विमानासाठी ते योजलेलं होतं. ते चाचणीच्या चौथऱ्यावर चाललंही. पण किरणला ब्रिटिश वायपर इंजिन लागलं आणि पुढे ऑर्फियस. त्या छोट्या इंजिनाची मारुतला मदत झाली नसती हे उघड आहे. मात्र ते एका विमानात बसून हजारो तास चाललं असतं, तर पाती कुठे तडकतात, बेअरिंग कधी जातं, हे शिकलेली माणसं तयार झाली असती. तेजससाठी जीटीआरईने १९८९मध्ये कावेरी हे इंजिन हाती घेतलं ते या शिकवणीशिवाय, थेट अवघड वर्गात बसल्यासारखं. आवश्यक रेटा मिळेना, वजन उतरेना, आणि २००८मध्ये कावेरीला तेजसपासून वेगळं करण्यात आलं.

एक फरक मात्र नोंदवायला हवा. तेजसच्या लोकांनी कावेरीची वाट बघत विमान थांबवलं नाही. पहिलं उड्डाण त्यांनी अमेरिकेच्या जीई कंपनीच्या एफ-४०४वर केलं, जे इंजिन आधीपासून इतर विमानांत सिद्ध झालं होतं. मारुतमध्ये नेमकी हीच काळजी राहून गेली होती. किंमतही ठरलेलीच: २०२१मध्ये ८३ तेजस मार्क १एची ऑर्डर निघाली, ९९ इंजिनांचा करार झाला, आणि त्यातलं पहिलं इंजिन आलं मार्च २०२५मध्ये. सांगाडे तयार आणि इंजिनं वाटेवर, असं पुन्हा झालं. ऑक्टोबर २०२५मध्ये ओझरच्या नव्या जुळणी रांगेतून पहिलं तेजस उडालं, जिथे एकेकाळी मिग बांधली गेली.

आता एएमसीए या पुढच्या लढाऊ विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीबरोबर इंजिन विकसित करायचं ठरत आहे, आणि सुरुवातीचे नमुने जीईच्या एफ-४१४वर उडवण्याची योजना आहे. हा क्रम योग्य आहे: आधी सिद्ध इंजिनावर विमान, मग आपलं इंजिन. त्या कराराचा तपशील बाहेर येईल तेव्हा मी दोन कलमं आधी शोधेन. ज्वलनकक्ष आणि टर्बाइनची पाती, म्हणजे इंजिनाचा सर्वांत तापणारा भाग, कोणाच्या मालकीच्या ज्ञानावर बनणार. आणि विमानाच्या संख्येत कपात झाली, हवाई दलाची मागणी बदलली, तरी इंजिनाच्या गटाचा पैसा स्वतंत्रपणे चालू राहणार का. १९६२मध्ये मिग आल्यावर मारुतच्या इंजिनाचा विषय मागे पडला तो हे दुसरं कलम कुठेच लिहिलेलं नव्हतं म्हणून.